मालक: १००७

नव्या यंत्रावर आधी जागा आखून घ्यावी लागते.
तळघरात, हीटरच्या घरघरीत, मी एकेक डिरेक्टरी उघडते:
वजनं. लिलाव. बोटी. पगार.
आणि एक ‘इतर’, कारण ‘इतर’ लागतंच;
कितीही नेटकं मांडा, शेवटी
एक खण तुटक्या वायरींचा नि बिनकुलपाच्या चाव्यांचा असतो.

वर ईसाफ्योर्दुरमध्ये नोव्हेंबरपासून ऊन पडलेलं नाही.
डोंगर उंच, सूर्य ठेंगणा.
परवा म्हणे खिंडीतून दिसेल, चार मिनिटं,
ढग नसले तर.
लिलावघरात सगळ्यांना पॅनकेकचे वेध लागलेत
आणि ऑडगेर म्हणाला, सूर्याच्या आत बॅकअप उरकून टाक.

पहिलं खातं बॅकअपचं स्वतःचं.
त्याला घर नाही, पासवर्ड नाही,
आत यायला दारच ठेवलेलं नाही.
तरी सगळ्यांचं सगळं वाचायची मुभा त्यालाच,
ऑडगेरनं पगाराच्या फायलींत लपवलेल्या कवितासुद्धा.
लिहायचं मात्र एकाच वहीत:
कुठली फाइल, कुठल्या रात्री, कुठल्या डिस्कवर.
ती वही म्हणजे डेटाबेस. ती गेली
की सगळं असून काही सापडत नाही.
वडील गेल्यावर आमचं बोटघर तसं झालं होतं:
प्रत्येक खिळा जागेवर, आणि एक मिळेल तर शपथ.

मग माणसं.
इथं आडनावं नसतात, बापाचं नाव मागं लागतं, बस;
फोनच्या यादीतही माणूस आपल्याच नावानं उभा.
तशीच लावावीत खाती, की नोकरीच्या क्रमानं?
नोकरीच्या क्रमानं लावली.
यंत्र आकडे देत गेलं, एक हजार एकपासून.
सातवा ब्यार्तुर, वय एकोणीस, सोमवारी लागलेला,
हातमोज्यांना अजून दुकानाचा वास: १००७.

जुन्या डिस्कवरून फायली ओतल्या. पहाटे तीनला यादी काढली.
अकरा वर्षांची कॉडची वजनं,
वादळातलीही, ‘आज बोट नाही’ एवढंच लिहिलेलीही,
मालक: ब्यार्तुर.

फायलींना नाव ठाऊक नसतं.
त्या आकडा सांभाळतात
आणि आकड्याला जो ओ देईल त्याच्या होतात.

जुन्या यंत्रावर १००७ म्हणजे हाल्बेरा.
मागच्या मार्चात तिचं खातं मीच पुसलं,
अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी. यादी होती हातात:
चावी परत, कपाट रिकामं, खातं बंद.
एक ओळ टाइप केली. यंत्रानं काही विचारलं नाही.
तेव्हापासून तिच्या फायली नुसता आकडा धरून बसलेल्या,
खुर्चीच्या पाठीवर राहून गेलेल्या कोटासारख्या.

ब्यार्तुरनं तक्रारही केली नसती.
आठ वर्षांचा असताना मी चारशे किलो हॅडॉक तोललाय,
असं सांगत फिरला असता धक्काभर.

त्याला मी १०५० दिला.
हाल्बेराला पुन्हा १००७.
घर नाही, पासवर्ड नाही, दार नाही,
बॅकअपसारखीच; फक्त हिला वाचायचंही काही नाही.
नुसतं नाव,
फायलींनी विचारलं तर.

ऑडगेर कुरकुरेल. मेलेल्यांची खाती ठेवायला लागलीस
तर तळघर पुरायचं नाही, म्हणेल.
खरंय.

राहिली चाचणी. परत आणून न पाहिलेला बॅकअप
हा बॅकअप नव्हे, नवस.
डोळे मिटून एक फाइल मागवली.
मिनिटभर डिस्क कुरकुरली, मग आली:
नऊ फेब्रुवारी, सोळा पेट्या कॉड, तीन पेट्या हॅडॉक,
शेरा: काटा दोनशे ग्रॅम खोटं बोलतोय, कुणीतरी बघा.

मी वर गेले. दिवे लावले.
पाच किलोचं वजन काट्यावर ठेवलं.

अजून बोलतोय.